फळी नंबर एकशे सतरा

मी हळदीच्या बाजारात तोलार.
पोतं किती भरेल ते काट्याच्या आधी
माझ्या खांद्याला कळतं.
शनिवारी हात धुऊन हॉलवर जायचं,
फलकावरचे आकडे पालटायला.
हात किती का धुवा, पिवळेच.
पोरींचे बनियनही पिवळे, तेवढं एक बरं झालं.

सहा हंगाम झाले. वर चढलो एकदाच,
आणि तिथं तेवीस गुणांनी आपटलो.
पहाटे साडेचारला मिरज स्टेशनवर
भडंगाच्या पिशव्या घेऊन निम्मी सांगली उभी.
मालक चक्रावले. हरल्यावर एवढी माणसं?
पायगोंडा म्हणाला, जिंकल्यावर
जागा मिळायची नाही साहेब,
म्हणून आत्ताच येऊन ठेवलंय.

मग पुराचं वर्ष.
पाणी चढत चढत बास्केटच्या जाळीला टेकलं.
दोन गुण कृष्णामाईचे, असं कुणीतरी बोललं
आणि कुणी हसलं नाही.
उतरल्यावर बघतो तर लाकडी मैदान
फुगून होड्यांसारखं उभं.
दोनशे बारा फळ्या.
ऑइलपेंटनं नंबर घातले,
ज्याची गच्ची कोरडी त्यानं न्यायच्या.
महिनाभर गावात पापडांशेजारी
मैदान वाळत होतं.

मिरजेहून दस्तगीर सतारमेकर आले.
गुडघ्यावर बसून एकेक फळी
बोटानं वाजवायचे, कान लावायचे.
ही गाते.
हिला सर्दी झालीय, चार दिवस ऊन दाखवा.
एकशे सतरा हातात घेतली, खाली ठेवली.
ही गेली.
तिच्या जागी त्यांनी सतारीतनं उरलेलं
तूनचं लाकूड बसवलं. दिसायला देखणं,
पण तिथं चेंडू टाकला की उठतच नाही.
बदलतो म्हणाले. रेहाना मुजावरनं
तीनदा टप्पा घेऊन बघितला
आणि म्हणाली, चाचा, राहू दे.

तेव्हापासून पाहुण्या संघाची पोरगी
रेहाना हळूहळू त्या कोपऱ्यात नेते.
टप्पा मरतो. पोरगी खाली बघते.
तोवर मी आकडा पालटलेला असतो.

आता सौदा चाललाय. रुमालाखाली बोटं,
आणि रुमाल पुण्यात.
साहेब म्हणतात, सांगलीचं मार्केट लहान.
बावीस वर्षं मी मार्केट यार्डात राबतो,
कुठकुठली हळद इथं येऊन
स्वतःचा भाव विचारते.
पण त्यांचं मार्केट निराळं निघालं.
टीव्हीसमोर डोळे किती,
त्यातले मोटार घेणारे किती.

आम्हीही मोजलं.
सुगंधा आवटींनी बेकरीच्या वहीत
पुढच्या हंगामाच्या पासांची नावं लिहून घेतली.
हॉलात बसतात सव्वीसशे,
नावं झाली एकतीसशे अठरा.
साहेबांनी विचारलं, वरचे बसणार कुठं?
मागनं आवाज आला,
बसायला कोण येतंय!

वही त्यांनी ठेवून घेतली. बघतो म्हणाले.
बघतो म्हणजे काय
हे यार्डात पोरासोरांनाही कळतं.

रेहानाला विचारलं, गेलीस तर?
बुटाची नाडी बांधत म्हणाली,
तिथलं मैदान नवंकोरं आहे, काका.
सगळीकडं सारखं उसळतं.
पुढं काही बोलली नाही.

करारात लिहिलंय, संघ मैदानासकट.
फळ्या दोनशे बारा.
एकशे सतरा माझ्या गच्चीवर आहे,
पाण्याच्या टाकीमागं, गोणपाटात.
बायको म्हणते, देऊन टाका,
वाकडं लाकूड, ना फळीचं ना चुलीचं.
ट्रक आला तर मोजणी होईल.
दोनशे अकरा भरतील
आणि एक सतारीचा तुकडा.
विचारलं तर सांगेन, पुरात गेली.

बावीस वर्षांत कधी काटा मारला नाही.
हा एवढाच.